चौकटीवरची रेघ

परवा रंगवाला आला, ऑइलपेंटचा डबा उघडून दारात बसला, आन् मी आरूला कडंवर घेऊन चौकटीला पाठ लावून उभारले ती हललेच न्हाई. तो म्हणतोय, "ओ वैनी, सरका की जरा," आन् मी म्हणतेय, "ही डावी बाजू ऱ्हाऊदे." तो म्हणला, "एक बाजू रंगवायची आन् एक तशीच ठेवायची? काकू मला इचारतील की." काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. मी म्हणले, "काकूंना मी सांगते." काकूंना काय सांगायचं ते मला बी ठाव न्हवतं, पण म्हणले खरं.

त्या डाव्या बाजूवर रेघा हाईत. खालनं वर चढत गेलेल्या पेन्सिलीच्या रेघा आरूच्या. वर, माझ्या कपाळाच्या उंचीला, एक लाल पेनची रेघ. त्या लाल रेघंच्या अगदी खाली पेन्सिलीच्या इतक्या रेघा एकावर एक ओढल्यात की नुसता काळा पट्टा झालाय. तो शुभाताईचा. आन् लाल रेघंच्या वर एक सूत, जवारीच्या दाण्याएवढं, सोडून एकच पेन्सिलीची रेघ हाय. ती बी शुभाताईचीच. तिचं मी कुणाला कधी सांगितलं न्हाई. ह्यांना बी न्हाई.

शुभाताई शेजारी ऱ्हायला आली तवा आरू चार महिन्याची होती. मी कोडोलीची, नववीत शाळा सुटली, मग घरात बसले, मग लगीन, आन् लगीन झाल्यावर एकदम कोल्हापुरात, फुलेवाडीत. आमचं हे भाजीचा टेम्पो चालवत्यात, पहाटं मार्केटला गेलं की दुपार करूनच येणार. मी आपली आतनं कडी लावून पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. मला सगळ्याचं भ्या. गॅसचं, दार वाजलं की दाराचं, खाकी कपडा दिसला की त्याचं, आन् समोरच्या रस्त्याचं तर लईच. पलीकडं किराणा दुकान, इथनं दिसतंय, पण वर्स उलटलं तरी मी तिकडं एकटी गेले न्हवते.

शेजारची पत्र्याची खोली मोकळी होती. एक दिवस दुपारचं रिक्षातनं एक पोरगी उतरली. सावळी, काटक, केस पोरासारखे बारीक कापलेले, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात कापडाची पिशवी. पिशवी तिनं काकूंच्या पायरीवर ठेवली ती धाडकन वाजली.

काकू म्हणल्या, "आत काय गं?"

"गोळा."

"कसला गोळा?"

"लोखंडी. चार किलोचा. फेकायचा असतोय."

काकू एक पायरी मागं सरकल्या. "कुणावर?"

ती अशी हसली, अशी हसली, की माझी पोरगी झोपेतनं दचकली. मग तिनं सांगितलं, पोलीस भरतीची तयारी करतोय, त्यात पळायचं असतंय, गोळा फेकायचा असतोय, मग पेपर. गाव गगनबावड्याच्या पलीकडं, डोंगरातली वाडी. सकाळी अकॅडमी आन् दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात काम. ती तशीच बोलायची, पोरासारखं, मी येतो, मी जातो. मला म्हणली, "वैनी, पाणी देतीस का?" आन् पाणी पिता पिता तिचं ध्यान माझ्याकडं न्हाईच, माझ्या दाराच्या चौकटीकडं.

"ही सागवानी दिसती. सरळ हाय. माझ्या खोलीला चौकटच न्हाई, नुसता पत्रा. मी रोज सकाळी येऊन हितं उभारलो तर चाललं?"

मला कळंना हिला माझ्या दारात उभारून काय करायचंय. तिनं पेटीतनं टेप काढला, जमिनीपासनं मोजलं, लाल पेननं रेघ ओढली. म्हणली, "हे बघ, हे एकशे पंचावन्न. पोरींना एवढी उंची लागती. आन् मी," असं म्हणून चौकटीला पाठ लावून उभारली, "डोक्यावर पट्टी ठेव, आडवी ठेव, ओढ पेन्सिल." मी ओढली. ती गर्रकन वळली, डोळा अगदी रेघंजवळ नेऊन बघितलं. "अर्धा सेंटीमीटर कमी. आयला. हितं बी तेवढाच."

सगळं दुखणं तेवढंच होतं. पळण्यात ती पहिली यायची, गोळ्यात पहिली, पेपर तर तिला तोंडपाठ. दोनदा तिला नुसत्या त्या अर्ध्या सेंटीमीटरवरनं घरी पाठवलेलं. वयाची अट असती, ती सरत आलेली. आता एकच भरती हाताशी ऱ्हायलेली. तेवढी हुकली की संपलं.

तवापासनं रोज सकाळी अकॅडमीला जायच्या आधी टकटक. मी आरूला घेऊन दार उघडायचं, तिनं उभारायचं, मी पट्टी ठेवायची, रेघ ओढायची, आन् तिनं गर्रकन वळून बघायचं. माझ्यावर तिचा इश्वास न्हवता असं न्हाई, पण स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय ती पाऊल उचलायची न्हाई. मग आरूला काखंत धरून उभी करायची. "टाच टेकीव. मान वर. हां, शाब्बास. ही बघ, वैनी, ही चार दिवसात दोन सूत वाढली. मी सात वर्सं झाली तितंच."

टाच टेकीव, मान वर. हे तिचं सगळ्याला. दूधवाल्याला बी म्हणायची, काकूंना बी म्हणायची, काकूंची कंबर दुखायची म्हणून. मला तर दिवसातनं धा वेळा. एकदा तिनं मलाच चौकटीला उभी केली. मी एकशे अठ्ठावन्न भरले. ती बघतच ऱ्हायली.

"वैनी, एकशे अठ्ठावन्न! आन् तू अशी अंगाची मुरकुटी करून चालतीस? देवानं उंची दिली ती कुणाला दिली बघा! दे मला त्यातलं अर्धं, तुला कळायचं बी न्हाई."

मी म्हणले, "घे की." खरंच दिली असती.

उशी ती कधी घेत न्हवती. मान आखडती आन् उंची जाती म्हणायची. काकूंच्या परसातल्या पेरूच्या झाडाला सकाळ संध्याकाळ लोंबकळायची, पाय हलवत, आन् लोंबकळतच माझ्याशी बोलायची. डोक्यावर कायबी घ्यायची न्हाई. एकदा पाणी न्हवतं, टँकर आलता, सगळ्या बाया डोक्यावर घागर घेऊन आल्या, ही दोन हातात दोन बादल्या, हात तुटायची पाळी आली तरी डोक्यावर न्हाई. मी म्हणले, "एवढ्या एका घागरीनं काय हुतंय?" तर म्हणली, "वैनी, सातवीत होतो तवापासनं आईनं डोक्यावर गवताचं भारं दिलं. पावसाळ्यात भिजलेला भारा, रोज दोन खेपा, डोंगर उतरून. माझा अर्धा सेंटीमीटर त्या भाऱ्याखाली ऱ्हायलाय. आईला म्हणलो तसं. तर आई म्हणती, मग म्हस काय खाती?" आन् हसली. पण आईचं नाव निघालं की हसून झाल्यावर ती परत जाऊन पेरूला लोंबकळायची.

पोलीसच कशाला व्हायचं, असं मी एकदा इचारलं. मला तर खाकी बघितलं की पाणी पाणी हुतंय. ती म्हणली, तिच्या गावाकडं पाऊस म्हणजे चार महिने आभाळ फाटल्यागत. एकदा घाटात दरड आली, ट्रकांची रांग लागली, डायवर खाली उतरून शिव्या द्याय लागलेले. तितं एक लेडीज पोलीस होती, एकटी, रेनकोटात. "तिनं नुसता एक हात वर केला, वैनी. एक हात. सगळं थांबलं. आमच्या घरात मी बोंबललो तरी म्हस बी थांबत न्हाई."

त्याच हातानं तिनं मला रस्ता शिकवला. एका रविवारी माझ्या कडंवरनं आरूला काढून घेतली, मला ढकलून रस्त्याच्या कडंला उभी केली आन् स्वतः पोरीला घेऊन पळत पलीकडं गेली. पलीकडनं वराडती, "ये! पोरगी पायजे असली तर ये!" मी रडाय लागले. मधी गाड्या, उसाच्या ट्रॉल्या, काय दिसंना. ती वराडती, "हात वर कर! गाडीवाल्याच्या डोळ्यात बघ! बघून मग चाल! मान वर, वैनी, मान वर!" किराणा दुकानदार बाहेर येऊन बघाय लागला, एक म्हातारा म्हणला, "अगं बाई पडंल की ती." मी हात वर केला, डोळं मिटले आन् चालले. पलीकडं गेल्यावर ती म्हणली, "गाडीवाल्याच्या डोळ्यात बघाय सांगितलेलं, डोळं मिटाय न्हाई." मग पोरगी दिली. मग म्हणली, "आता परत जा." त्या दिवशी तिनं मला सहा वेळा पार करायला लावलं. सहाव्यांदा मी डोळं उघडं ठेवले.

तिचं वडील, तात्या, मधी मधी यायचे. शांत माणूस. लेकीच्या समोर बसून टोपी फिरवत ऱ्हायचे. एकदा पावण्यांना घेऊनच आले, पोरगी दाखवायला. तिच्या पत्र्याच्या खोलीत बसायला जागा न्हाई म्हणून सगळी माझ्याच खोलीत. मुलगा, मुलाची आई, एक मामा. मी पोहे केले, मीठ दोनदा पडलं. शुभाताई झेरॉक्सच्या दुकानातनं तशीच आली, अंगावर ट्रॅकसूट. मुलाची आई वरनं खाली बघून म्हणली, "पोरगी जरा ठेंगणी वाटती."

मला वाटलं आता गोळा फेकती ही. तर ती शांत म्हणली, "व्हय मावशी. अर्ध्या सेंटीमीटरनं. तुमी तर डोळ्यानंच धरलासा, टेप बी लागला न्हाई." मग मुलाकडं वळली. "पावणं, तुमी उभारा की हितं. लाजू नकासा. बूट काढा."

तात्यांनी टोपी डोळ्यावर ओढली. मुलगा उठला, गुमान बूट काढले, चौकटीला उभारला. ती स्टुलावर चढली, पट्टी ठेवली, रेघ ओढली. "एकशे एकसष्ट. पोरांना एकशे पासष्ट लागत्यात. तुमी नापास, पावणं."

मुलाची आई लाल झाली. पण तो मुलगा हसला. खरंच हसला, मनापासनं, आन् वळून स्वतःची रेघ बघितली, जसं ती बघायची तसं. पोहे खारट होते तरी सगळे खाल्ले. ते लोक गेल्यावर मी म्हणले, "ताई, मुलगा बरा होता." ती म्हणली, "बराच होता. पण आधी भरती." त्याची बी रेघ हाय अजून चौकटीवर, सगळ्यात वर.

आन् एक सांगायचंय, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता यायचं न्हाई. आरू वर्साची व्हायच्या आत तिला ताप आला. दुपारची वेळ, हे मार्केटला, फोन लागंना. पोरीनं एकदम डोळं पांढरं केलं, हातपाय ताठ. मी नुसती किंचाळले. मला पोरीला हात लावायचं बी भ्या वाटाय लागलं. शुभाताई त्या दिवशी घरात होती. आली, पोरगी उचलली, छातीशी धरली आन् पळाली. रिक्षा न्हाई, काय न्हाई. दवाखाना नाक्याच्या पुढं. मी मागनं अनवाणी, रडत, ती दिसायची बंद झाली. मी पोचले तवा डॉक्टरांनी इंजेक्शन दिलेलं, पोरगी रडत होती, आन् त्या रडण्याएवढं चांगलं मी आयुष्यात काय ऐकलं न्हाई. डॉक्टर म्हणले, वेळेत आणलं. शुभाताई भिंतीला टेकून खाली बसलेली, घामानं भिजलेली. मला बघून म्हणली, "आज कुणी टायमिंग लावलं न्हाई बघ. आज रेकॉर्ड होतं."

म्हणून म्हणते, तिचं माझ्यावर किती ऋण होतं ते मला ठाव होतं. तरी मी तसं केलं.

भरतीची तारीख लागली. अकॅडमीतल्या पोरींनी तिला सांगितलं, माणूस झोपून ऱ्हायला की लांब हुतो, उभारला की मणके दबत्यात. रात्रीच्या झोपेनं तिला फरक पडत न्हवता, ते आमी रोज सकाळी बघतच होतो. मग तिनं एक रविवार अख्खा झोपून काढला, शनिवार संध्याकाळपासनं सोमवार सकाळपर्यंत. उठायचं न्हाई, बसायचं बी न्हाई. मी चमच्यानं भरवलं. आरू तिच्या पोटावर चढत उतरत होती. काकू दारातनं बघून म्हणल्या, "हिला काय झालंय?" शुभाताई पडल्या पडल्या म्हणती, "वाढतोय, काकू." सोमवारी सकाळी उठली ती चार पावलात माझ्या चौकटीला. मी पट्टी ठेवली. पेन्सिल लाल रेघंवरच पडली. बरोब्बर लाल रेघंवर. ती वळली, बघितलं. आरूचे दोन्ही पाय धरून पापा घेतला. नऊला परत मोजलं तर खाली आलेली. पण आता ठाव झालं. झोपून जायचं आन् उभारायचं ते थेट टेपखालीच.

मग सगळं ठरलं. आमच्या ह्यांच्या टेम्पोत मागं गादी टाकायची, तिनं त्यात आडवं पडून जायचं. ग्राउंडच्या गेटवर पन्नास पन्नास पोरींना नंबरानं आत घेत्यात, तर तिनं टेम्पोतच पडून ऱ्हायचं आन् मी गेटवर उभारून नंबर ऐकायचा. तिच्या आधीचे पन्नास आत गेले की पळत येऊन तिला सांगायचं. माझं काम एवढंच. तिनं मला पाठ करून घेतलं. "वैनी, घाबरायचं न्हाई. मान वर. माझ्या आधीचे पन्नास. समजलं? त्याच्या आधी मला उठवायचं न्हाई, कायबी होऊदे."

मी म्हणले, "न्हाई उठवत."

दोन दिवस ती झोपून होती. पहाटं ह्यांनी आन् मी गादीसकट उचलून तिला टेम्पोत ठेवली. चादर ओढलेली. नाक्यावर एक माणूस टेम्पोत डोकावून हात जोडाय लागला, तर चादरीतनं आवाज, "मामा, जित्ता हाय मी." ह्यांना हसू आवरंना, टेम्पो बाजूला घ्यावा लागला. ते शेवटचं हसणं आमचं.

ग्राउंडबाहेर पोरीच पोरी. आईबाप, पिशव्या, केळी. टेम्पो झाडाखाली लावला. उजाडलं, ऊन आलं, नंबर सावकाश चाललेले. हे म्हणले, मी चहा आणतो सगळ्यांना. मी आरूला घेऊन गेटवर. आरू उन्हानं किरकिराय लागलेली, मला तहान लागलेली. अजून लई नंबर बाकी होते, मला ठाव होतं, मी बोटं मोजत होते. तेवढ्यात एक पोलीस माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणला, "ओ बाई, पोर घेऊन हितं काय करताय? व्हा बाजूला!" मी दोन पावलं मागं सरले. आन् त्यानं गेटचं एक पान लावलं. मग दुसरं. खाडकन कडी.

मला वाटलं, झालं, बंद केलं.

मी इचारायला पायजे होतं. बाजूला चार बाया उभारलेल्या, त्यांना इचारलं असतं तरी कळलं असतं. तोंडच उघडंना. मी पळाले. आरू कडंवर आपटती, मी पळतेय, आन् टेम्पोजवळ जाऊन वराडले, "ताई, ऊठ! गेट बंद केलं! ऊठ!"

ती उठली. चादर तितंच पडली. ती पळाली ती अशी, तिच्यासारखं कोण पळत न्हाई. आन् गेटजवळ गेली तवा गेट उघडत होतं. आतनं एक गाडी वळवून घ्यायची होती, तेवढ्यासाठी लावलेलं.

पळतच ती गर्दीत आतल्या रांगेत शिरली, नंबर कुणी बघितला न्हाई, आन् एकदा आत गेल्यावर मागं येऊ देईनात. तिच्या आधी अजून किती तरी पोरी. मी जाळीतनं बघत होते. तीन तास. ती एकदा मातीत आडवी झाली तर त्यांनी उठवली, चक्कर आली काय म्हणून इचारलं, म्हणले दवाखान्यात पाठवू, ती उठून उभारली. ऊन तापलेलं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. माझ्या नजरंपुढं ती उभारून उभारून बारकी हुयाय लागली, असं मला वाटत होतं, खरंच तसं दिसत होतं.

मोजणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. तीनदा मोजलं म्हणं. तिसऱ्यांदा मॅडमचाच आवाज उतरला. एकशे चौपन्न आन् सात.

ती बाहेर आली. आरूला माझ्याकडनं घेतली. ह्यांच्या हातात चहाचं गार झालेलं पार्सल. ह्यांनी मला इचारलं, "अगं, एवढ्या लवकर कसं उठवलंस?" आन् मी काय म्हणले ठाव हाय? मी म्हणले, "त्या पोलिसानंच सांगितलं, लवकर आणा म्हणून." असं तोंडातनं निघालं. शुभाताई तितंच उभारलेली. तिनं ऐकलं. आरूच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं आन् म्हणली, "भूक लागलीया. वडा खाऊया." वडा खाताना एकदाच म्हणली, "तू वराडलीस तवा मला वाटलं टेम्पो पेटला." मला हसवायला म्हणली. मला हसू आलं न्हाई, आन् मग ती बी हसली न्हाई.

घरी आल्यावर तिनं पत्र्याचं दार लावून घेतलं. दोन दिवस. मी ताट न्यायची, दार नुसतं लोटलेलं असायचं, ती आडवी, भिंतीकडं तोंड करून. ताट तसंच परत आणायची. मला एक शब्द बोलायचा होता, की ताई, पोलिसानं सांगितलं न्हवतं, मीच भ्याले. दारापर्यंत जायचे, परत यायचे. काकू म्हणल्या, "रडू दे तिला, बरं वाटंल." पण ती रडत न्हवती. नुसती पडून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी टकटक.

मी दार उघडलं. ती उठून तशीच आलेली, डोळं सुजलेले, पेटी हातात. म्हणली, तात्यांचा फोन आलता, त्या पावण्यांचं अजून विचारणं हाय, घरी जातो. मग पेटी खाली ठेवली. आधी आरूला उभी केली, टाच टेकवली, मी रेघ ओढली. मग स्वतः चौकटीला पाठ लावली. "घे. शेवटचं."

मी पट्टी ठेवली. आडवी, नीट. पेन्सिल ओढली. आन् बघितलं तर रेघ लाल रेघंच्या वर. एक सूत, पण वर, डोळ्याला दिसती अशी वर. दोन दिवस दुःखानं आडवी पडली ती, त्यानं वाढली. म्हणजे त्या दिवशी बी ती भरलीच असती. मी उठवली नसती तर.

ती म्हणली, "किती?"

माझ्या हातात पेन्सिल. आरू माझ्या साडीला धरून उभी. मी म्हणले, "तेवढीच."

ती जरा वेळ तशीच उभारली, चौकटीला पाठ लावून. मग म्हणली, "मग काय. माझ्या हाडातच न्हवतं. तुझा काय दोष, वैनी." आन् पेटी उचलली.

ती वळली न्हाई. रोज वळायची, पावणे दोन वर्सं, एकदा बी चुकली न्हाई, स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय पाऊल उचललं न्हाई कधी. त्या दिवशी न बघता सरळ बाहेर गेली.

तिनं का बघितलं न्हाई, ह्यानं लई दिवस माझं डोकं खाल्लं. तिचं लगीन झालं, घाटाखाली दिली, एवढं तात्यांनी काकूंना फोनवर सांगितलेलं. तिचा नंबर माझ्याकडं हाय. लावला न्हाई. आता मी रस्ता एकटी पार करते, आरूला बालवाडीत सोडते, काकूंशी बी बोलते, पण तो नंबर लावायला हात हुईना.

त्या दिवशी मी आरूला घेऊन तिच्या मागनं फाटकापर्यंत गेले. गगनबावड्याची एसटी आमच्या हितं थांबत न्हाई, स्टॉप पुढं हाय. ती तितं गेली न्हाई. पेटी पायाजवळ ठेवली आन् रस्त्याच्या कडंला उभारली, टाचा टेकलेल्या, मान वर. एसटी दिसली, जोरात आलेली, मागं उसाची ट्रॉली, त्याच्या मागं रिक्षा. शुभाताईनं डायवरकडं बघितलं आन् एक हात वर केला.

एसटी थांबली. मागं ट्रॉली थांबली, रिक्षा थांबली. रस्ता सगळा थांबला, आन् ती पेटी उचलून सावकाश चढली.